शेवटचा रेडिएटर

घरापासून ऐंशी पावलांवर
पत्र्याची खोली, तिला एक धुराडं,
आत भट्टी, भट्टीभोवती पाणी.
पाणी किती तापवायचं ते ठरवणारी पेटी
तळहाताएवढी.
तिला कोमट कळत नाही, कढत कळत नाही,
'सोसवेल इतपत' तर नाहीच नाही.
तिला आकडा लागतो, तोही फॅरनहाइटमध्ये.

पहिल्या हिवाळ्यात रेइनोनं एकशे पंचेचाळीस ठेवला.
लाकूड वाचेल म्हणाला.
भट्टीच्या आतल्या भिंतींना घाम फुटला,
काळा, चिकट, डांबरासारखा.
कपडे, केस, उशी, सगळीकडे तोच वास.
शेजारचा ऑर्व्हिल ट्रेम्बले वाकून बघत म्हणाला,
"गार भिंतीला टेकली की आग रडते.
पाच वर्षांत पोलाद खाऊन टाकेल."

मग एकदम एकशे अठ्ठ्याण्णव.
जानेवारीत झडपेत ढलपी अडकली
आणि रात्रीतून पाणी उकळून वरच्या नळीवाटे बाहेर.
सकाळी बर्फात तांबूस खड्डा, माणूस बसेल एवढा.

शेवटी एकशे पंच्याऐंशी.
दहा अंश उतरलं की पंखा जागा,
भडका, धूर, आणि परत डुलकी.
जमिनीखालून घरी येईस्तोवर सात अंश गेलेले.
अंगणात नळीच्या रेघेवर बर्फ टिकायचं नाही,
मांजर नेमकं तिथूनच चालायचं.
लोक म्हणतात, कुठंतरी पाणी मुरतंय.
आमच्याकडे ऊब मुरायची,
आणि लेक सुपीरियरवरनं येणाऱ्या प्रत्येकाला दिसायची.

स्वयंपाकघर, न्हाणी, आमची खोली, जिना,
सगळ्यात शेवटी मागची खोली.
तिथं ओतीव लोखंडाचा जुना रेडिएटर,
त्याला लागून सासऱ्यांची खुर्ची.
उर्हो हौताला, एकेचाळीस वर्षं तांब्याच्या खाणीत.
पाय कायम गार.
एकशे सत्तरला पाणी त्यांच्यापर्यंत पोचायचं
ते नुसतं पोचल्यासारखं.
एकशे पंच्याऐंशीला ते मोजे काढायचे.
आमचं मोजमाप तेवढंच.
त्यापायी दर हिवाळ्यात एक थप्पी जास्त,
मेपल आणि पिवळा बर्च.
रेइनो फोडायचा, मी रचायचे,
हिशेब कुणी काढला नाही.

नोव्हेंबरात खुर्ची रिकामी झाली.
लोक आले, कॉफी झाली, वेलदोड्याचा पाव झाला.
सगळ्यांचे कोट मागच्या खोलीत ठेवले होते,
जाताना उबदार घालून गेले.

फेब्रुवारीत ऑर्व्हिल म्हणाला,
"आता कमी करा की. ती खोली बंदच ना?"
"बघू," रेइनो म्हणाला.
त्याच्या 'बघू'चा अर्थ
मला एकोणतीस वर्षं माहीत आहे.

त्या रात्री उणे बावीस. लाकूड टाकायची पाळी माझी.
पेटीसमोर उभी राहिले, हातमोजा दातांत धरून.
एकशे ब्याऐंशी. एकशे अठ्ठ्याहत्तर.
दर अंशाला पेटी टिक् करायची,
खरंच का, म्हणून विचारल्यासारखी.
कढत पाण्यात विसण घालताना
आपण आधी हात बुडवून बघतो.
इथं बुडवायला काही नव्हतं.
एकशे बाहत्तरवर थांबले.
थांबले म्हणजे बोट गारठलं.

सकाळी रेइनो बाहेरून आला, काही बोलला नाही.
बूट न काढताच मागच्या खोलीत गेला.
बराच वेळ. मग दारातून म्हणाला,
"पोचतंय."

मार्चमध्ये त्यानं टोमॅटोची रोपं तिथं मांडली,
खुर्चीवर दोन ट्रे, खाली चार.
दुसऱ्या दिवशी रोपांकडे बघत, माझ्याकडे नाही, म्हणाला,
"यांना एकशे पंच्याहत्तर लागेल."
आणि कोट न घालताच
ऐंशी पावलं चालत गेला,
मांजराच्या वाटेनं.

तीन अंश.
लाकूड पुरेल.